ता नूनाचा उंबरठा

ता नूनाच्या पाषाणयुगातल्या मंदिरात उभे दगड एकोणीस आहेत. त्यांतले तीन पुढे झुकलेले, एक दुभंगलेला आणि तारेनं बांधलेला. आडवे दगड पाच. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे उंबरठा. गेल्या पाच हजार वर्षांत त्याच्यावरून किती पाय गेले ते मोजता येत नाही, पण पायांनी मध्यभागी पाडलेला खळगा मोजता येतो. तो चार सेंटिमीटर खोल आहे. याखेरीज उन्हानं पांढरा पडलेला माहितीचा फलक एक, बाक दोन, तिकिटांची खोपटी एक. खोपटीत पंखा, गावचा संत सान रोक्कू याची तसबीर आणि प्लास्टिकची खुर्ची. खोपटीमागे निळी बादली एक आणि लांब दांड्याचं फडकं एक. सावली फक्त कॅरोबच्या झाडाची, ती उन्हं वर येईपर्यंतच.

ही मोजदाद मी जूनच्या सुरुवातीला केली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच माल्टाहून गोझोला, आमच्या छोट्या बेटावर, परत आले होते, आणि प्राचीन वास्तूंच्या खात्यातल्या सूर टोन्नांना, म्हणजे टोन्नासाहेबांना, उन्हाळाभर गोझोत राहायला तयार असलेलं कुणीतरी हवं होतं. काम साधं होतं. उंबरठा आणि त्याच्या दोन बाजूंचे उभे दगड तळाशी झडत होते. ते किती झडतात हे मोजायचं आणि का झडतात हे शोधायचं. आमचा दगड मऊ आणि पिवळा, करवतीनं कापता येणारा. गावातली सगळी घरं त्याचीच आहेत. घराचा दगड झडला तर काढून दुसरा बसवतात. हे तीन तसे बदलता येत नाहीत.

सूर टोन्नांनी हद्द घालून दिली होती. आठवड्याला दोन ग्रॅम भुगा पडला तर तो दगडाच्या वयाचा, त्याला इलाज नाही. त्याहून जास्त पडत राहिला तर ता नूना पर्यटकांना बंद, आणि फाटकाला खात्याचं कुलूप.

आजवर फाटकाला जे कुलूप होतं त्याची चावी सावेरीनामावशीकडे असे. ही माझ्या आईची मोठी बहीण, ता नूनाची राखणदार. मी रांगत होते तेव्हापासून ती चावी मावशीच्या ॲप्रनला, सान रोक्कूच्या बिल्ल्याशेजारी लटकलेली मी पाहिली आहे. खात्याचं कुलूप लागलं की चावी परत करावी लागणार होती. पगार बेताचाच होता, त्याच्याशिवाय तिचं भागलं असतं. पण सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न उरला असता.

"दोन ग्रॅम म्हणजे किती गं?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं.

"अर्धा चमचा मीठही नाही."

"अर्ध्या चमच्यासाठी मला घरी बसवणार का तो?"

"तुला नाही, मावशी. ता नूना बंद करतील."

"तेच ते," ती म्हणाली आणि पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवलं.

भुगा गोळा करायला मला उथळ पत्र्याचं काहीतरी हवं होतं. मावशीनं मॅकरोनी भाजायचे तिचे तीन ट्रे दिले. मी ते तिन्ही दगडांच्या पायथ्याशी ठेवले, वर जाळी बसवली.

"आणि रविवारी मॅकरोनी कशात भाजू?"

"विजीमामाच्या टोपीत."

"त्या टोपीत दारू भरलेली असते. आपण सगळे उडू."

विजीमामा म्हणजे आईचा मामेभाऊ. गावच्या उत्सवाचं दारूकाम त्याच्याकडे. त्याचं शेत ता नूनाला लागून आहे आणि ऑगस्टच्या मध्याला, सान रोक्कूच्या उत्सवात, तो त्याच शेतातून बार उडवतो. भर दुपारीसुद्धा, रंग नाही, चांदण्या नाहीत, नुसता छातीत घुसणारा दणका. दगड झडतात ते या दणक्यांनी, असं अर्ध्या गावाचं मत होतं. उरलेल्या अर्ध्या गावाचं मत होतं की पर्यटकांच्या पायांनी. मत कुठलं, हे ज्याच्या त्याच्या कामधंद्यावर ठरत होतं. ज्यांच्या मिनीबस होत्या ते बारांना दोष देत, आणि जे बारांसाठी वर्गणी गोळा करत ते मिनीबसना.

पहिल्या आठवड्यात तीन ट्रेमध्ये मिळून ५.२ ग्रॅम भुगा पडला. तेव्हा उत्सवाला दोन महिने होते, एकही बार उडाला नव्हता.

"बघ," विजीमामा कुंपणापलीकडून म्हणाला. "मी निर्दोष."

"गेल्या वर्षीच्या दणक्यानं सैल झालेले आता पडत असतील," मी म्हटलं.

"पोरीला शिकवलं आपण, सावेरीना. आता भोगा."

पर्यटकांचे पाय मोजणं सोपं होतं. मिनीबस आधी किल्ल्यावर जात, मग समुद्रकाठच्या मिठागरांवर, मग आमच्याकडे. आमच्याकडे पोचेपर्यंत माणसं थकलेली असत. ती उतरत, कॅरोबची सावली सरकून गेलेली बघत, आणि फलकाकडे न जाता बाकाकडे जात. बाक दोनच, म्हणून उरलेली दगडांवर टेकत. मावशी त्यांना उठवे. रागावून नाही, तेवढी ताकद ती वाचवून ठेवी. नुसता हात खालून वर हलवायची, कोंबड्या हाकलाव्या तसा. चार भाषांमध्ये तिला तीच पाच-सहा वाक्यं येत होती आणि चारही भाषांमध्ये ती त्यांना कंटाळली होती.

"हेच का ते?" एका माणसानं विचारलं. उन्हानं त्याची मान लाल झाली होती.

"हेच."

"छप्पर नव्हतं?"

"होतं. पडलं."

"इथलं चुकवू नये असं काय आहे?"

"जेवण," मावशी म्हणाली. "खाली बंदरावर. आत्ता निघालात तर जागा मिळेल."

मी दोन आठवडे दर दिवशीची माणसं आणि दर दिवशीचा भुगा शेजारी शेजारी मांडून पाहिला. काही संबंध दिसेना. सोमवारी ता नूना बंद असतं, एकही माणूस येत नाही. सोमवारी भुगा तेवढाच पडत होता.

मग मी दगडांच्या तळाशी ओलावा मोजणारा एक छोटा खिळा बसवला. तो दिवसभर आपोआप मोजत राहतो. दुसऱ्या दिवशी आलेख पाहिला तर पहाटे एक उंचवटा होता. रात्रभर सपाट रेषा, सूर्य उगवायच्या सुमाराला एकदम वर, मग दुपारपर्यंत हळूहळू खाली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मला वाटलं, दव. उन्हाळ्यात समुद्रावरून दव येतं, अंजिराची पानं सकाळी ओली असतात. समजण्याजोगं होतं. तसं मी सूर टोन्नांना कळवूनही टाकलं.

जूनच्या अखेरीला इम्नार्याचा सण येतो. त्या दिवशी मावशी दरवर्षी नादूर गावाला जाते, मिरवणूक बघते, मावसबहिणीकडे सशाचं कालवण खाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतते. यंदाही गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलेख उघडला. इम्नार्याच्या दुसऱ्या दिवशी उंचवटा नव्हता. रेषा पहाटेतून सरळ सपाट निघून गेली होती.

दव सणाची सुट्टी घेत नाही.

 मी खोपटीमागे गेले आणि निळ्या बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

हे मला आधी का कळलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. गोझोत सकाळी बाईनं घराचा उंबरठा धुणं हे सूर्य उगवण्यासारखं आहे. माझी आई धुते. शेजारची धुते. धुतलेल्या दगडाचा आणि ब्लीचचा वास म्हणजे आमच्या गल्लीची सकाळ. जिचा उंबरठा नऊ वाजले तरी कोरडा, तिच्या घरी कुणी आजारी आहे किंवा गेलं आहे. मी रोज सकाळी ता नूनाला यायचे तेव्हा उंबरठा ओलसर असे आणि स्वच्छ असे, आणि त्यात मोजण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पाणी मात्र घरचं नव्हतं. घरच्या विहिरीतलं पावसाचं पाणी मावशी स्वयंपाकाला आणि कुंडीतल्या तुळशीसारख्या वासाच्या रोपाला वापरते. एक थेंब वाया घालवत नाही. फरशीसाठी ती विजीमामाच्या शेतातल्या बोअरचं पाणी आणायची. ते खारं असतं. आमच्या बेटाखाली समुद्र आत सरकत आला आहे, बोअर जितकी जुनी तितकं पाणी खारट. टोमॅटोलाही ते चालत नाही. फरशी पुसायला चालतं, असं सगळेच म्हणतात.

मऊ दगड खारं पाणी शोषून घेतो. उन्हात पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. आतल्या आत त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाला आतून फोडतात. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं.

दुपारी शेवटची मिनीबस गेल्यावर मी मावशीला सांगितलं. ती चपला काढून पाय बाकावर घेऊन बसली होती. मी आलेख दाखवला नाही, नुसतं बोलले. पाणी, मीठ, ऊन.  

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज थोडं थोडं."

"सव्वीस वर्षं मी रोज पहाटे उठून..." ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं. पायाची बोटं चोळत राहिली. "माझी कंबर गेली त्यात. ठाऊक आहे ना तुला? डॉक्टर म्हणाला वाकू नकोस. मी म्हटलं, माझा दगड आहे, मला वाकलंच पाहिजे."

"तू चांगल्यासाठीच केलंस."

"असं बोलू नकोस. अंत्यविधीला गेल्यासारखं वाटतं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "टोन्नाला लिहिणार तू."

"लिहावं लागेल. ते बारांवर बंदी घालायला निघालेत. विजीमामाचा दोष नाही यात."

"बोअर त्याचीच आहे."

"मावशी."

"बरं, बरं. नाही त्याचा दोष." तिनं चपला शोधल्या. "तू लिहू नकोस. लाव फोन. मी सांगते. तू लिहिलंस तर आयुष्यभर माझ्याकडे चोरट्यासारखी बघशील, आणि मला ते रविवारी जेवताना नको."

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून बाकावर ठेवला. मागे कसली तरी यंत्रं चालल्याचा आवाज येत होता.

"सूर टोन्ना, सावेरीना बोलतेय. ता नूनाची."

"बोला."

"पाणी मी घालते. उंबरठ्यावर. रोज. खारं."



"कधीपासून?"

"तुमच्या आधीचे साहेब होते, त्यांच्याही आधीपासून. त्यांनी एकदा शाबासकी दिली होती, किती स्वच्छ ठेवता म्हणून."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. सूर टोन्नांना मी दोनदाच भेटले आहे. दोन्ही वेळा ते फेरीबोटीच्या रांगेतून आलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि पुढच्या कामाला उशीर झालेला.

"हे मला वर कळवावं लागेल," ते म्हणाले. "वर कळवलं की ते म्हणणार, बंद करा आणि माणूस बदला. त्यांना तेच येतं." मग जरा थांबले. "मी आत्ता एका चर्चच्या छपरावर उभा आहे, बाई. हे छपरही कुणीतरी चांगल्या मनानं दुरुस्त केलंय. पाणी थांबवा. आजपासून. उत्सवाच्या आठवड्याचा आकडा मला द्या, बार, गर्दी, सगळं धरून. दोनच्या आत असेल तर वर सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल. चावी तुमच्याकडे. नसेल तर नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

"आणि बादली तिथून हलवा."

"बादली माझी आहे," ती म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता.

पाणी थांबलं. पुढच्या सोमवारी मी ट्रे तोलले. ७.४ ग्रॅम.

हे होणार हे मला माहीत होतं. मी ते मावशीला आधी सांगितलंही होतं, पण आकडा समोर आल्यावर आधी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

"वाढलं," ती म्हणाली.

"आधी वाढणारच. आत ओल आहे तोवर मीठ विरघळलेलं असतं. दगड वाळायला लागला की ते सगळं एकदम बाहेर येतं." मला उदाहरण सापडेना. तेवढ्यात कुंपणापलीकडे विजीमामा वाकून काहीतरी उचलत होता. "मामाचा काळा शर्ट बघ. घाम ओला असतो तोवर दिसतो का? वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उमटतो."

"माझ्या शर्टाबद्दल बोलणं चाललंय का?" तिकडून आवाज आला.

"तुझ्या मिठाबद्दल," मावशी म्हणाली. तिचं लक्ष उंबरठ्याकडे होतं. त्याच्या कडेला पांढरी साय धरली होती. "म्हणजे पाणी घातलं तर थांबेल."

"आजच्यापुरतं थांबेल."

"आजच्यापुरतं तरी थांबेल," ती म्हणाली आणि आत जाऊन पंख्यासमोर बसली.

जुलै तसाच गेला. वारा लाल माती आणत होता, उंबरठ्यावर ती साचत होती, आणि पर्यटकांच्या बुटांचे ठसे त्यात संध्याकाळपर्यंत राहत होते. मी मऊ ब्रशनं झाडायला परवानगी दिली होती, पण ब्रशनं झाडलेला दगड धुतलेल्या दगडासारखा दिसत नाही. गावात ते लपलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका फाटकातून आत बघत. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात बेकरीवाली जिओर्जा झाकलेलं पातेलं घेऊन आली.

"सूप आणलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "अंडं आणि चीज घातलंय. ताकद येते."

"मला काय झालंय?" मावशीनं विचारलं.

"काही झालं नसेल तर उत्तमच," जिओर्जा म्हणाली, आणि उंबरठ्याकडे न बघायचा इतका प्रयत्न केला की तिच्या मानेचं हाड दुखलं असावं.

त्या आठवड्यात तीन सुपं आली. एक पाद्रीसाहेबांच्या बहिणीकडून. सूप आणणाऱ्या प्रत्येकीला मी मिठाचं आणि दगडाचं समजावून सांगत होते. त्या माना डोलावत आणि मावशीकडे बघून डोळे ओले करत. आम्ही रोज दुपारी सूप पीत होतो. छत्तीस अंशांत.

"खरं सांगितलं तर कुणाला पटत नाही," मावशी म्हणाली. "सांग ना तू त्यांना, मला कावीळ झालीय. निदान प्रार्थना तरी करतील."

भुगा त्या आठवड्यात ६.६ होता. पुढच्या आठवड्यात ५.९. मग ४.१. रेषा खाली येत होती, पण तिला दोनच्या खाली पोचायला किती वेळ लागेल हे मला सांगता येत नव्हतं. दगडाच्या आत सव्वीस वर्षांचं मीठ होतं. किती, ते दगड फोडल्याशिवाय मोजता आलं नसतं. मावशी रोज विचारायची, "पोचेल का?" आणि मी रोज म्हणायचे, "माहीत नाही." काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं.

उत्सवाचा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मला पहाटेच जाग आली. का, ते सांगता येणार नाही. मी सायकल काढून ता नूनाला गेले. फाटक उघडं होतं. उंबरठ्यासमोर, दगडांपासून हातभर अंतरावर, निळ्या बादलीवर मावशी बसली होती. बादली उपडी होती. तिच्या शेजारची जमीन कोरडी दिसत होती, पण उजेड पुरेसा नव्हता.

"तू पाणी घातलंस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुझं यंत्र आहे ना? बघ."

मी आलेख उघडला. ती वाट बघत बसली. रेषा सपाट होती, काल रात्रीपासून आत्तापर्यंत.

"नाही घातलंस."

"मग मला कशाला विचारलंस?"

मी तिच्या शेजारी मातीवर बसले. समुद्राकडून वारा नव्हता. खाली गावात कुणीतरी गल्लीत बादली ओतली, आणि त्याचा आवाज इथपर्यंत स्पष्ट आला.

"जाग येतेच याच वेळेला," मावशी म्हणाली. "पाय इकडेच वळतात. इथवर येते, मग हातांचं काय करायचं ते कळत नाही. घालायला नाही आले मी. पण बादली आणली होती, तेही खरं." तिनं गुडघ्यावर हात ठेवले, पालथे, मग उताणे. "आई धुवायची ना आमच्या घरचा, तेव्हा म्हणायची, बाहेरून येणाऱ्याला कळलं पाहिजे की आत कुणीतरी आहे. म्हणून मी इथलाही धुवायला लागले. इतकी लांबून माणसं येतात. त्यांना काय दिसणार? छप्पर नाही, देव नाही. निदान उंबरठा तरी ओला दिसावा."

मी तिच्या पायांजवळची माती हातानं सारखी केली. 

"येणारच मी रोज इथे," ती म्हणाली. "चावी गेली तरी. कुंपणाबाहेर बसेन. विजी खुर्ची देईल."

"फाटकी खुर्ची देईल."

"तो देईल ती फाटकीच असणार," ती म्हणाली आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिचं वजन मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं.

मग उत्सव सुरू झाला. विजीमामानं रोज दुपारी बार उडवले. दर दणक्याला खोपटीतली सान रोक्कूची तसबीर खिळ्यावर डुलायची आणि मावशी हात वर करून ती धरून ठेवायची. गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. सुट्टीवर आलेल्या लोकांना कुणीतरी सांगितलं होतं की ता नूनातून मिरवणूक चांगली दिसते. शनिवारी बँड गावातून निघाला, गच्च्यांवरून कागदाचे तुकडे उधळले गेले, लाल, पिवळे, पांढरे, पोत्यांनी. वाऱ्यानं ते आमच्याकडे वाहून आणले. उंबरठ्याच्या खळग्यात ते घोट्याएवढे साठले. एक छोटी मुलगी त्यात बसून ते डोक्यावर उडवत होती. मावशीनं तिला उठवलं नाही.

सोमवारी गाव झोपलं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं, फक्त कागद. मी जाळ्या काढल्या आणि तीन ट्रे खोपटीत आणले. तराजू टेबलावर ठेवून पंखा बंद केला. वारा लागला की आकडा हलतो. विजीमामा दारात टेकून उभा होता, दोन रात्री न झोपलेला, भुवया थोड्या जळलेल्या. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ॲप्रन तिनं धुऊन घातला होता. चावी त्याला होतीच.

मी तिन्ही ट्रे एका भांड्यात झाडले आणि आकडा मोठ्यानं वाचला. ३.७ ग्रॅम.

मावशीनं चावीवर हात ठेवला.

"थांब," मी म्हटलं. "यात कागद आहे."

जाळीतून बारीक तुकडे आत गेले होते. मी चिमटा घेतला. लाल तुकडे सहज सुटत होते, पिवळे दगडाच्याच रंगाचे, ते भिंगाखाली बघावे लागत होते. काहींना भुगा चिकटला होता, तो मी ब्रशनं परत भांड्यात झटकत होते. मधेच सूर टोन्नांचा फोन आला. मावशीनं उचलला.

"कागद काढतेय ती," ती म्हणाली. "नाही, चिमट्यानं. हो. धरा तुम्ही."

तिनं फोन मांडीवर ठेवला. पलीकडून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला.

"अजून किती?" विजीमामानं विचारलं.

"बोलू नकोस," मावशी म्हणाली. "तुझा श्वास लागतो."

तो दारातून दोन पावलं मागे सरकला. बंद खोपटीत घाम माझ्या भुवयांवरून खाली येत होता. तो भांड्यात पडू नये म्हणून मावशीनं दोनदा रुमालानं माझं कपाळ टिपलं. भिंगाखाली आणखी एकही तुकडा दिसेना तेव्हा मी कागद एका वाटीत तोलला, मग भांडं पुन्हा तराजूवर ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली.

"वाच," मावशी म्हणाली आणि फोन माझ्याकडे वळवून धरला.

"कागद २.१ ग्रॅम," मी वाचलं. "दगड १.६ ग्रॅम."